तारखेच्या दिवशीची संध्याकाळ

मागील अंकात एका आजोबांच्या प्रश्नाला उत्तर देताना, गुन्ह्याचा आरोप असलेल्या अठरा वर्षांखालील मुलांची प्रकरणे पाहणाऱ्या बाल न्याय मंडळासमोर उभ्या राहणाऱ्या मुलांच्या मनःस्थितीविषयी मी चार ओळी लिहिल्या होत्या. त्या चार ओळींवर कोल्हापूर शहरातून आणि जिल्ह्यातून इतकी पत्रे आली की या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला द्यावे लागत आहे. कायदा ज्यांना ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतो आणि आपल्या पेठांमध्ये ज्यांना सरसकट ‘रिमांडमधली पोरं’ म्हटले जाते, त्यांच्या मनात जीव संपवण्याचा विचार येतो तेव्हा घरच्यांनी, निरीक्षणगृहातील (चौकशी चालू असताना अशा मुलांना ठेवतात त्या संस्थेतील) कर्मचाऱ्यांनी आणि शेजाऱ्यांनी काय करावे, हेच बहुतेकांनी विचारले आहे. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील काढून टाकला आहे. एका पत्रावर पत्ता नसल्यामुळे त्याचे उत्तर खासगीत पाठवता येत नाही. म्हणून ते सर्वांत आधी देते.

प्रश्न : मी सतरा वर्षांचा आहे. सहा आठवडे आत होतो, आता जामिनावर घरी आहे. तारखेच्या आदल्या रात्री झोप लागत नाही. तारखेला काहीच होत नाही, पुढची तारीख मिळते. मग घरी न जाता केएमटी बसच्या थांब्यावर अंधार पडेपर्यंत बसतो. तेव्हा वाटते की आपण नसलेलेच बरे. घरात हे कोणाला सांगितलेले नाही.

उत्तर : हे वाचत असताना तो विचार पुन्हा मनात आला असेल, तर पुढचे वाचणे थांबव आणि १४४१६ हा क्रमांक लाव. ही सरकारची ‘टेलिमानस’ सेवा आहे. ती दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. पलीकडच्या माणसाला काय सांगायचे हे सुचत नसेल, तर तू मला लिहिलेली ओळच वाचून दाखव. ती पुरेशी आहे.

तुझ्या पत्रात मला एक गोष्ट महत्त्वाची वाटली. तुला हा विचार दिवसभर, सारखा येत नाही. तो तारखेच्या दिवशी संध्याकाळी येतो. म्हणजे तो कधी येणार हे तुला आधीच ठाऊक असते, आणि ज्याची वेळ ठाऊक असते त्याची तयारी करता येते. पुढच्या तारखेला एकटा जाऊ नकोस. मामा, आत्या, मोठा भाऊ, जुने सर, यांपैकी ज्याच्याजवळ गप्प बसले तरी चालते अशा माणसाला बरोबर ने, आणि त्याला आधीच एवढे सांग : ‘तारखेच्या दिवशी संध्याकाळी मला एकटं राहायची भीती वाटते.’ कारण सांगायची सक्ती नाही. त्या दिवशी परत येताना थांब्यावर दोघांनी बसा, चहा घ्या, पण अंधार पडायच्या आत घरी या.

तारखांविषयीही थोडे सांगते, कारण शेवट दिसत नाही म्हणूनही जीव मेटाकुटीला येतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम १४ प्रमाणे मंडळाने चौकशी चार महिन्यांत पूर्ण करावी आणि कारणे नोंदवून आणखी जास्तीत जास्त दोन महिने वाढवावीत, अशी तरतूद आहे. किरकोळ अपराधाचे प्रकरण त्या वाढीव मुदतीतही संपले नाही तर ते तिथेच बंद होते. गंभीर प्रकरणात मुदत पुढे वाढू शकते. तुझे प्रकरण कोणत्या वर्गात येते आणि तुला मंडळासमोर प्रथम कोणत्या दिवशी हजर केले, हे दोन प्रश्न तुझ्या वकिलांना विचार. वकील नसेल तर १५१०० या विधी सेवेच्या क्रमांकावर विचारणा कर. तुला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. उत्तर मिळाले की घरातल्या कॅलेंडरवर महिने मोजून खूण कर. आणि मला पुन्हा लिही, या वेळी पत्ता घालून.

प्रश्न : मी शिरोलीच्या बाजूला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते. माझा सोळा वर्षांचा मुलगा गणपतीच्या मिरवणुकीतील मारामारीत सापडला आणि एकोणीस दिवस झाले निरीक्षणगृहात आहे. परवा भेटीला भडंग घेऊन गेले होते, त्याने पुडी उघडलीही नाही. जाताना म्हणाला, “माझी कबुतरं आता दादाला दे. मी परत मागणार नाही.” त्या कबुतरांसाठी तो शाळा बुडवायचा. मी तिथल्या एकाला हे सांगितले, तर ते म्हणाले, नवीन पोरं नाटक करतात. मला घोर लागला आहे. हे वर सांगितले तर केस बिघडेल का?

उत्तर : ताई, तुमचा घोर खोटा नाही. जिवापाड जपलेली वस्तू एखादे मूल न मागता, कायमची देऊन टाकते, तेव्हा ते निरोप घेत असण्याची शक्यता असते. तसे नसेलही, घरची आठवण सहन होत नाही म्हणूनही मुले असे तोडून बोलतात. पण ते कोणते आहे, हे दारात उभ्या असलेल्या माणसाने एका वाक्यात ठरवायचे नसते.

हे काम आजच करा. निरीक्षणगृहाच्या अधीक्षकांच्या नावे साधा अर्ज लिहा. त्यात मुलगा काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत, तारखेसह लिहा. ‘मुलाचे मन ठीक नाही’ असे मोघम लिहू नका. कबुतरे, न उघडलेली पुडी, झोप, जेवण, पूर्वी कधी स्वतःला इजा केली असेल तर तेही, घरात किंवा नात्यात कोणी जीव दिला असेल तर तेही. शेवटी एक ओळ : ‘माझ्या मुलाला एकटे ठेवू नये आणि मानसोपचारतज्ज्ञांकडून त्याची तातडीने तपासणी व्हावी.’ अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. लिहिता येत नसेल तर कँटीनमधल्या शिकलेल्या पोरीकडून लिहून घ्या, पण शब्द तुमचेच राहू द्या. तीच प्रत परिविक्षा अधिकाऱ्यांना, म्हणजे ज्यांना सगळे प्रोबेशन ऑफिसर म्हणतात त्यांना, आणि बाल न्याय मंडळाला द्या. मुलाच्या घरची परिस्थिती मंडळासमोर मांडणारा सामाजिक तपासणी अहवाल परिविक्षा अधिकारीच लिहितात, आणि तुमची माहिती त्यात येणे गरजेचे आहे. आपल्याकडे सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तपासणीसाठी मुलाला लांब न्यावे लागेल असे कोणी म्हटले तर ते मान्य करू नका.

केस बिघडेल का, या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. मुलाच्या मनःस्थितीची माहिती देणे म्हणजे अपराधाची कबुली देणे नव्हे. बाल न्याय मंडळात न्यायदंडाधिकाऱ्यांबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात, त्यांपैकी किमान एक महिला असते, आणि ही रचना अशाच गोष्टी ऐकून घेता याव्यात म्हणून केलेली आहे. मात्र जामिनाच्या बाबतीत एक बारकावा तुमच्या वकिलांशी बोलून ठेवा. बाल न्याय अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे अपराध जामीनपात्र असो वा नसो, मुलाला सोडणे हा नियम आहे. परंतु सुटकेमुळे तो सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका उद्भवेल, किंवा न्यायाचा हेतूच विफल होईल असे मंडळाला वाटले, तर जामीन नाकारता येतो. ‘मानसिक धोका’ हे शब्द दुधारी आहेत. मुलगा जिवाचे बरेवाईट करील असे नुसते सांगितले, तर त्याला आतच ठेवणे सुरक्षित, असा अर्थ कोणी काढू शकतो. म्हणून वकिलांनी घरची व्यवस्था लेखी मांडावी : दिवसा तो कोणाजवळ असेल, रात्री कोण जवळ झोपेल, डॉक्टरांकडे कोणत्या वारी नेणार, मारामारीतल्या टोळक्यापासून तो लांब कसा राहील. ज्या घराकडे अशी उत्तरे आहेत, त्या घरी मुलाला सोडणे मंडळाला सोपे जाते. जामीन मिळूनही अटी पुऱ्या करता न आल्यामुळे मूल सात दिवस आतच राहिले, तर अटी बदलण्यासाठी त्याला पुन्हा मंडळासमोर न्यावे लागते, हेही लक्षात ठेवा. पैशांअभावी ज्यांच्या मुलांचा जामीन अडकतो, त्या आया हे विचारतच नाहीत.

आता पुढच्या भेटीविषयी. त्याला ‘असलं काही डोक्यात आणू नकोस’ असे म्हणू नका. तसे म्हटले की मूल हो म्हणते आणि तोंडाला कुलूप लावते. विचारायचे ते स्पष्ट विचारा, जसे तुम्ही घरी बोलता तसेच : ‘कबुतरं देतो म्हणालास, तेव्हा जीव द्यावा असं वाटत होतं का रं?’ विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. या विषयावरील अभ्यासांत तसे आढळलेले नाही, उलट विचारल्यावर मनावरचा भार काहीसा हलका होतो. आपल्या बोलीत ‘बरंवाईट’ असा गोल शब्द आहे आणि तो मोठ्या माणसांना सोयीचा पडतो. मुलाला मात्र त्यातून एवढेच कळते की आईलाही हा शब्द उच्चारायची भीती वाटते, मग आपण तिला कसे सांगायचे. तो हो म्हणाला, तर रडू आले तरी रडा, पण उठून जाऊ नका. ‘हे तू मला सांगितलंस ते बरं केलंस, आता मी हे साहेबांना सांगणार आहे,’ असे त्याच्यासमोर सांगा आणि त्याच्यासमोरच सांगायला जा. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन मात्र देऊ नका.

आणि कबुतरे देऊ नका. ती घरीच आहेत, अमकीने अंडी घातली आहेत, तमके उडून पुन्हा परत आले आहे, एवढे प्रत्येक भेटीत सांगत राहा.

प्रश्न : मी पश्चिम महाराष्ट्रातील एका निरीक्षणगृहात काळजीवाहक आहे. रात्रपाळीला आम्ही दोघे असतो. एखादा मुलगा मरायची भाषा करू लागला की त्याला वेगळ्या खोलीत ठेवतात आणि ‘मी असे काही करणार नाही’ असे त्याच्याकडून लिहून घेतात. मला हे पटत नाही, पण दुसरे काय करावे तेही कळत नाही. आम्हाला प्रशिक्षण मिळालेले नाही.

उत्तर : तुम्हाला पटत नाही, ते योग्यच आहे. या अंकात सर्वांत जास्त जागा मी तुमच्या पत्राला देणार आहे, कारण मंडळ महिन्यातून एखाद्या वेळी भेट देते, समुपदेशक आठवड्यातून येतात, आणि रात्री दोन वाजता मुलाजवळ तुम्हीच असता.

आधी वेगळ्या खोलीविषयी. अमेरिकेत १९९५ ते १९९९ या पाच वर्षांत किशोरांना बंदिस्त ठेवणाऱ्या संस्थांमध्ये झालेल्या ११० आत्महत्यांची नोंद एका देशव्यापी पाहणीत झाली आणि त्यांपैकी ७९ घटनांचा बारकाईने अभ्यास करण्यात आला. त्यातील सुमारे निम्मी मुले त्या वेळी खोलीत एकटी बंद करून ठेवलेली होती, आणि सुमारे निम्म्या घटना संध्याकाळी सहा ते मध्यरात्र या वेळेत घडल्या. तो देश, त्या इमारती आणि ते कायदे आपल्यापेक्षा वेगळे आहेत; पण बंद दाराआड एकटे पडलेले सोळा वर्षांचे मन सगळीकडे सारखेच असते. ज्या मुलाला सोबतीची सर्वांत जास्त गरज आहे, त्याच्याकडून आपण ‘सुरक्षितते’साठी सोबतच काढून घेतो. शिक्षा म्हणून एकांतात ठेवण्याला तर संयुक्त राष्ट्रांच्या १९९० च्या हवाना नियमांतील ६७ व्या नियमाने स्पष्ट मनाई केलेली आहे. मरायची भाषा करणारा मुलगा इतर मुलांत, जागत्या माणसाच्या नजरेच्या टप्प्यात, शक्य तर तुमच्या टेबलाजवळच्या खाटेवर झोपवा. तो जीव द्यायच्या बेतात आहे असे वाटत असेल, तर डॉक्टर येईपर्यंत एका माणसाने त्याच्याजवळून हलायचे नाही. स्वच्छतागृहापर्यंतही बरोबर जायचे, मात्र त्याची लाज राखून. अशा वेळी दोघांपैकी एक अडकून पडतो, म्हणून अधीक्षकांना रात्रीच फोन करून तिसरा माणूस मागवा. झोपमोड झाली म्हणून रागावणाऱ्या अधीक्षकांचा राग परवडतो.

लिहून घेतलेल्या कागदाने मुलाचा जीव वाचत नाही; फार तर लिहून घेणाऱ्याला झोप लागते. त्याऐवजी मुलाबरोबर बसून दुसरा कागद करा. मन घसरू लागले की त्याला आधी काय जाणवते, म्हणजे छातीत धडधड की डोके गच्च होणे की कोणाशीच बोलू नये असे वाटणे. तेव्हा तो स्वतः काय करील. कोणाला हाक मारील. रात्री कोण, दिवसा कोण. घरातल्या कोणाचा आवाज ऐकावासा वाटतो. हे त्याच्या शब्दांत लिहा, एक प्रत त्याच्याकडे आणि एक पाळीवरच्या टेबलात ठेवा. त्यात तुमचे नाव आले तर ते ओझे मानू नका.

काय पाहावे, असे तुम्ही विचारता. अशा मुलांचा चेहरा ठरलेला नसतो. शांत, आज्ञाधारक, भांडी न सांगता घासणारा मुलगा जिवानिशी जाऊ शकतो आणि रोज शिव्या देणारा सुखरूप घरी पोचतो. म्हणून माझा अनुभव असा सांगतो की स्वभावावरून अंदाज बांधण्यापेक्षा वेळेवर लक्ष ठेवावे. पहिल्या काही रात्री, विशेषतः दारू, गांजा किंवा व्हाइटनरची सवय असलेल्या मुलाची नशा उतरत असताना होणारी तगमग; भेटीच्या दिवशी ज्याला भेटायला कोणीच आले नाही त्याची संध्याकाळ; तारखेहून परत आल्यानंतरची रात्र; जामीन फेटाळल्याची बातमी; घरातील मृत्यू किंवा प्रेयसीचे लग्न ठरल्याची कानावर आलेली गोष्ट; इतर मुलांनी केलेली मारहाण किंवा लैंगिक छळ, ज्याविषयी मूल कधीच आपणहून बोलत नाही; आणि, याचे पुष्कळांना नवल वाटते, सुटकेच्या आधीचे दिवस, कारण बाहेर जाऊन तोंड कसे दाखवायचे हा प्रश्न तेव्हा समोर येतो. खूप दिवस खिन्न असलेला मुलगा एकाएकी हलका, हसरा झाला तर ‘सुटलो एकदाचे’ असे आपणही म्हणतो. तिथेही एकदा जवळ बसून विचारा.

त्याने आपण होऊन सांगावे अशी वाट पाहू नका. शिकागोतील किशोर कोठडीत १८२९ मुलामुलींचा एक मोठा अभ्यास झाला. त्यांच्यापैकी सुमारे एक दशांश मुलांच्या मनात आधीच्या सहा महिन्यांत आत्महत्येचा विचार आला होता आणि ११ टक्के मुलांनी आयुष्यात कधी ना कधी प्रयत्न केला होता. परंतु नुकताच असा विचार आलेल्यांपैकी निम्म्याहून कमी मुलांनी तो कोणाला तरी सांगितला होता. म्हणून तिकडील पुष्कळ संस्थांत मूल दाखल होताच ५२ प्रश्नांची, हो किंवा नाही एवढेच उत्तर मागणारी प्रश्नावली देतात. तुमच्याकडे ती नसेल तर चार प्रश्न पुरेत : जगणे नकोसे वाटते का, जीव द्यावा असे वाटते का, पूर्वी कधी तसे केले आहे का, आता काही ठरवले आहे का. हे प्रश्न पोलीस निघून गेल्यावर, जेवण झाल्यावर, इतर मुलांच्या कानाआड विचारा, आणि पुढेही विचारत राहा. पहिल्या दिवशीचे ‘नाही’ महिनाभर पुरत नाही.

आता नोंदवहीविषयी. फार वर्षांपूर्वी मी एका जिल्ह्यातील निरीक्षणगृहात समुपदेशनासाठी जात असे. तिथल्या रात्रपाळीच्या वहीत पानामागून पान ‘मुले झोपली. सर्व ठीक.’ एवढेच होते. एका पानावर मात्र समासात कोणीतरी पेन्सिलने बारीक अक्षरात ‘खाट ७, दोन वाजता उठून बसलेला, तीनलाही तसाच’ असे लिहून ठेवले होते. मी सकाळी त्या मुलाला आधी बोलावले. तो तीन रात्री झोपला नव्हता आणि त्याच्या मनात काय चालले होते हे त्याने मला अर्ध्या तासात सांगितले, कारण कोणीतरी आपल्याला बसलेले पाहिले होते याचे त्याला आश्चर्य वाटले. तुमच्या वहीत ‘सर्व ठीक’ हे शब्द लिहिणे बंद करा. कोण जेवला नाही, कोण जागा होता, कोणाची भेट झाली नाही, कोण तारखेहून आला, हे लिहा आणि पाळी बदलताना ते तोंडी सांगितल्याशिवाय दार सोडू नका. फेरी ठरावीक ठोक्यावर मारू नका. घड्याळ लावून येणाऱ्या माणसाची वेळ मुलांना दोन दिवसांत पाठ होते. इमारतीत कोणाची नजर पोचत नाही असे कोपरे कोणते, हे दिवसा फिरून पाहा आणि अधीक्षकांना लेखी द्या.

शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहांची जी परंपरा या शहरात रुजवली, तिच्यामुळे घरापासून दूर राहणारी मुले सांभाळण्याची विद्या कोल्हापूरला नवी नाही. चांगला रेक्टर पंक्तीतून एक नजर फिरवून कोणाच्या ताटात भाकरी तशीच राहिली ते ओळखतो. निरीक्षणगृहाच्या दाराला कुलूप असते एवढाच फरक आहे.

प्रशिक्षण मागणे हा तुमचा हक्क आहे. जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे तुम्ही दोघांनी मिळून लेखी मागणी करा. बाल न्याय मंडळाने महिन्यातून किमान एकदा अशा संस्थेची पाहणी करावी असे कायदा सांगतो. त्या भेटीच्या वेळी रात्री दोनच माणसे असतात हे वाक्य मंडळाच्या सदस्यांच्या कानावर घाला. ‘नाटक’ हा शब्द तेवढा संस्थेतून हद्दपार झाला तरी मला पुष्कळ वाटेल. लक्ष वेधून घेण्यासाठी मूल मरणाची भाषा वापरत असेल, तर लक्ष मिळवण्याचा दुसरा कोणताही मार्ग त्याच्याकडे उरलेला नाही असा त्याचा अर्थ होतो.

प्रश्न : माझ्या भाच्याने निरीक्षणगृहात असताना जिवाचे बरेवाईट करण्याचा प्रयत्न केला. वेळीच लक्षात आल्याने तो वाचला. आता त्याच्यावर आणखी एक गुन्हा लागेल अशी गावात चर्चा आहे. खरे काय? (एक मामा, गडहिंग्लज तालुका)

उत्तर : गावातील चर्चा जुन्या कायद्यावर चालली आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते, तिच्यावर खटला चालवून शिक्षा करता येत नाही, आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन करणे ही सरकारची जबाबदारी ठरते. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेतील ३०९ वे कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत घेतलेलेच नाही. तिथे कलम २२६ आहे, परंतु ते लोकसेवकाला त्याचे कर्तव्य करण्यापासून रोखण्यासाठी किंवा त्याच्याकडून काही करवून घेण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरते मर्यादित आहे; हे कलम भाच्याच्या बाबतीत कोणी पुढे केलेच, तर वकिलांना ११५ व्या कलमाकडे बोट दाखवायला सांगा.

गुन्ह्याची काळजी सोडा आणि उपचारांची धरा. एकदा प्रयत्न झालेल्या मुलाला पुढील काही आठवडे आणि महिने जास्त धोका असतो. रुग्णालयातून त्याला परत पाठवताना मानसोपचारतज्ज्ञांनी पाहिले का, औषध कोण देणार आणि पुढची तपासणी कधी, हे तिन्ही कागदावर आले पाहिजे. आणि ‘तू असं का केलंस’ हा प्रश्न भेटीला येणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाने विचारू नये, एवढे मामा म्हणून तुम्ही पाहा.

प्रश्न : माझा मुलगा निरीक्षणगृहातून सुटून करवीर तालुक्यातील आमच्या गावी परत आला. प्रकरण निकाली निघाले. पण भावकीतील पोरे त्याला ‘रिमांड’ म्हणूनच हाक मारतात, गावच्या व्हॉट्सॲप गटावर त्याचा जुना फोटो फिरतो, आणि तो दिवसभर माडीवर पडून असतो. पोलिसांकडून दाखला मिळणार नाही, नोकरी लागणार नाही, असे त्याने डोक्यात घेतले आहे.

उत्तर : मूल घरी आले की सुटलो, असे आपण मानतो, पण आत असताना निदान सगळेच एका जात्यात असतात, घरी आल्यावर तो एकटा ‘तसा’ ठरतो.

दाखल्याची भीती त्याच्या डोक्यातून आधी काढा, कारण ती बहुतांशी निराधार आहे. कलम २४ प्रमाणे बाल न्याय अधिनियमाखाली निकाली निघालेल्या प्रकरणामुळे मुलाला कोणतीही अपात्रता चिकटत नाही आणि ठरावीक मुदतीनंतर त्याच्या प्रकरणाचे कागद नष्ट करायचे असतात; अपवाद आहे तो सोळा वर्षांवरील ज्या मुलांना निर्घृण (म्हणजे किमान सात वर्षांच्या शिक्षेच्या) अपराधात बाल न्यायालयाने प्रौढाप्रमाणे दोषी ठरवले त्यांचा. कलम ७४ प्रमाणे प्रकरण संपल्यानंतर चारित्र्याच्या दाखल्यासाठी पोलिसांनी मुलाची नोंद उघड करायची नाही. याच कलमाने त्याचे नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र, ओळख पटेल असे काहीही वर्तमानपत्रात किंवा अन्य कोणत्याही माध्यमातून प्रसिद्ध करण्यास मनाई केली आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. फोटो टाकणाऱ्याच्या घरी हे कलम छापून न्या. पोलीस ठाण्यात जाण्यापूर्वी एकदा त्याच्या वडिलांशी ओसरीवर बसून बोला; भावकीत तक्रारीने तोंडे बंद होतात, पण पोराला पुन्हा पंगतीत बसवण्याचे काम तक्रारीने होत नाही. ऐकलेच नाही, तर मात्र मागेपुढे पाहू नका.

माडीवर पडून राहणे हे आळशीपणाचे लक्षण समजू नका. त्याला स्पष्ट विचारा; वर त्या ताईंना जे लिहिले तेच तुम्हालाही लागू आहे. आणि तुमचे घर शेतकऱ्याचे आहे, म्हणून आणखी एक काम आजच करा. शेतीची औषधे, घरातील उरलेल्या गोळ्या हे सगळे कुलपात जाऊ द्या, किल्ली तुमच्या कमरेला राहू द्या. शक्य असेल तर काही महिने हा साठा घरात ठेवूच नका. जीव देण्याची तीव्र ओढ लाटेसारखी येते आणि ओसरते, विशेषतः या वयात. ती ओसरेपर्यंत हाताशी काही नसणे यानेच अनेकांचे प्राण वाचतात. मुलाला वाईट वाटेल म्हणून कुलूप लावायला संकोचू नका. घरातल्या सगळ्यांसाठीच लावले आहे, असे सांगा, आणि ते खरेही आहे.

नोकरीचे नंतर पाहू. आधी त्याला पहाटे उठून जायला एक जागा हवी, जिथे नावापेक्षा अंगातली रग पाहतात. गावात तालीम असेल तर वस्तादांना भेटा. त्यांना सगळे खरे सांगा, मुलाच्या परवानगीने सांगा, आणि महिनाभर फक्त माती उकरायला त्याला येऊ द्या असे म्हणा. तालमीत जोर मोजतात आणि कोण आले नाही ते लक्षात ठेवतात. तो एखाद्या पहाटे गेला नाही, तर वस्तादांनी तुमच्या दारात माणूस पाठवावा, एवढे त्यांच्याकडून आधीच कबूल करून घ्या.